रुळांचे वय आणि गाडीचे वजन

मराठीत आगगाडीविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली आणि दहाच वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात तिला जागा मिळाली. पुढे कथा-कादंबऱ्यांतून इंजिन आले, धूर आला, शिटी आली, फलाटावरचा निरोप तर इतक्यांदा आला की त्याचा संकेतच होऊन बसला. चाक रुळाला जिथे टेकते त्या बोटभर जागेकडे मात्र आपल्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले. 'आगगाडी' या शब्दातच आग आहे आणि गाडी आहे, रूळ नाहीत.

आमच्यापैकी एकजण नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. (या दोन शहरांमध्ये रेल्वेने जायचे तर परभणी-परळी असा वळसा आजही घ्यावा लागतो, त्यामुळे आमच्या भेटी एस. टी.च्या कृपेनेच होतात.) पदव्युत्तर वर्गात भाषाशास्त्राचा अर्थांतर हा विषय शिकवताना आम्ही दोघेही वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो आहोत, ते 'बोगी' या शब्दाचे. मराठीत बोगी म्हणजे अख्खा डबा. अभियंत्यांच्या भाषेत मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. लांब डब्याच्या दोन टोकांना असे दोन गाडे असतात, प्रत्येक गाडा आपल्या खुंटीभोवती थोडा फिरू शकतो, आणि त्यामुळे डबा कितीही लांब असला तरी वळणावर चाके रुळाच्या कलाने वळतात. शब्द आपण घेतला, ज्या वस्तूचा तो होता ती विसरलो आणि वर दिसणाऱ्या डब्याला तो चिकटवला. मालडब्याला आपण 'वाघीण' म्हणतो. तिथे इंग्रजी वॅगनने मराठी जंगलातले नाव घेतले, ध्वनी राहिला आणि अर्थ उडून गेला. बोगीच्या बाबतीत जे घडले ते अधिक बोलके आहे, कारण जी गोष्ट विसरली गेली तिनेच लातूरला पहिली रेल्वे आणली.

मुद्दा मांडण्यापूर्वी थोडा लांबचा फेरा घ्यावा लागणार आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत जे गेले आहेत त्यांना तिथली ड्रॅगनच्या तोंडाची छोटी गाडी आठवत असेल. एका दिवसात जोडायचे आणि यात्रा उलगली की सुटे करायचे असे तिचे लोखंडी रूळ. जमीन खालीवर असेल तिथे खाली लाकडी ठोकळे सारलेले. गाडी फिरू लागली की ठोकळे कुरकुरतात. एकेकाळी यात्रांमध्ये माणसांनी हाताने फिरवायचे लाकडी रहाटपाळणे असत, त्यांची जागा विजेवरच्या पोलादी आकाशपाळण्यांनी घेतली. खेळ तोच ठेवून त्याचे यंत्र बदलण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. तिचे अधिक विचारपूर्वक रूप जुन्या लाकडी रोलर कोस्टरांच्या बाबतीत दिसते. आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १८८९ मध्ये नव्हे, तर त्यानंतर पुरत्या शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये सुरू झाले आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. तोपर्यंत पोलादाचा जमाना आला होता. लाकडी रोलर कोस्टर ही मुख्यतः अमेरिकेची आणि थोडीफार युरोपची मिरास.

तिचे मूळ खाणीच्या रेल्वेत आहे, ही गोष्ट मनोरंजक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा उतरवण्यासाठी डोंगरउताराचा लोहमार्ग बांधला गेला. भरलेले डबे स्वतःच्या वजनाने खाली येत. त्यांच्यासोबत खेचरेही डब्यात बसून खाली येत आणि रिकामे डबे ओढत वर नेत. कालांतराने कोळशासाठी दुसरी सोय झाली आणि या उतारावरून गंमत म्हणून पैसे देऊन माणसे येऊ लागली. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लाकडी चौकटीवरचा चढउताराचा मार्ग बांधला, तेव्हापासून हा खेळ म्हणून रुळला. (रुळला! भाषेने रूळ अगदीच वाऱ्यावर सोडले नाहीत म्हणायचे.)

लाकडी कोस्टरचा मार्ग म्हणजे लाकडाच्या फळ्यांचे एकावर एक चढवलेले थर आणि सर्वांत वर पोलादाची पट्टी. चाक पट्टीवरून जाते, भार लाकूड सोसते. उताराच्या तळाशी गाडी एकदम वर वळते त्या ठिकाणी हा भार गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. ऊन, पाऊस आणि असे धक्के घेत लाकूड ढिले पडते, सांधे हलतात, गाडी अधिक आदळू लागते आणि अधिक आदळल्यामुळे लाकूड आणखी ढिले पडते. १९१९ मध्ये जॉन मिलर याने रुळाच्या खालच्या अंगाने धरणाऱ्या तिसऱ्या चाकाचे पेटंट घेतले. गाडी रुळावरून वर उचलली जाण्याची भीती संपली, त्यामुळे उतार अधिक तीव्र झाले आणि अर्थातच लाकडावरचा मारही वाढला.

मग जुन्या मार्गाचे करायचे काय? एक वाट अशी की दरवर्षी थोडेथोडे लाकूड बदलत राहायचे. दुसरी, लाकडी सांगाडा उभा ठेवून वरचा मार्गच पोलादाचा करायचा. टेक्सासमधल्या १९९० सालच्या टेक्सास जायंटचे २०११ मध्ये असेच झाले. तिसरी वाट आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, ती म्हणजे गाडी बदलण्याची. जुन्या धाटणीच्या गाड्यांत एकेका डब्यात बाकांच्या दोन-तीन ओळी असत आणि त्याखाली दोन आस घट्ट बसवलेले असत. असा लांब, ताठ डबा वळणावर शिरला की त्याची चाके रुळाशी भांडतात. ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने एकेका बाकाचे छोटे डबे एकमेकांत सांध्याने गुंफून गाडी तयार केली. पुढच्या डब्याला चाकांचे दोन आस, मागच्या प्रत्येकाला एकच. पाठीचा कणा वळावा तशी ती वळते. तिला त्यांनी मिलेनियम फ्लायर असे भपकेबाज नाव दिले. कनेक्टिकटमधल्या लेक कंपाउन्स येथील वाइल्डकॅट हा कोस्टर १९२७ सालचा. २०१७ मध्ये त्यावर याच जातीच्या गाड्या आल्या. नव्वद वर्षांच्या सांगाड्याचे आयुष्य वाढवण्यासाठी त्यावरून धावणाऱ्या गाडीचा स्वभाव बदलला गेला.

आता लातूरकडे वळू. लातूरला पहिली गाडी आणणाऱ्या माणसाने हाच प्रश्न १८९७ पूर्वी सोडवला होता, फक्त त्याने तो उलट्या टोकाकडून घेतला होता. रूळ अद्याप जुने झाले नव्हते, ते मुळातच अशक्त ठेवायचे होते, कारण पैसे नव्हते.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला. या कंपनीचा मुंबई-रायचूर मार्ग बार्शीच्या नैर्ऋत्येने, वीसेक मैल अंतर ठेवून गेला होता. बार्शी ही त्या काळची कापसाची मोठी पेठ, पलीकडे निजामाच्या मुलखात लातूर. बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा आणि मांजरेच्या खोऱ्यातला माल बैलगाड्यांतून बार्शीला आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांतूनच मुख्य मार्गावरच्या स्टेशनाकडे जाई. त्या स्टेशनाचे नावच बार्शी रोड होते, आजचे कुर्डुवाडी. ज्या गावाला जायचे त्या गावापासून दूर असलेल्या स्टेशनाला 'रोड' जोडण्याची ही रेल्वेची जुनी खोड आहे. लातूर रोड हे तिचेच दुसरे उदाहरण.

एवढ्या रहदारीवर मोठ्या मापाची रेल्वे परवडणारी नव्हती. अरुंद मापाची, हलकी रेल्वे बांधायची कल्पना नवी नव्हती. अशा रेल्वे अनेक ठिकाणी बांधल्या जात होत्या. पण त्यांचे अभियंते बहुधा मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल करत. इंजिन जड, डबे हलके, एका आसावर फार ओझे, दुसऱ्यावर थोडे. रूळ मात्र सर्वांत जड आसाच्या हिशेबाने घालावे लागत, म्हणजे एका चाकाच्या जोडीपायी मैलोन् मैल लोखंड जास्त. कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर मापाचा मार्ग. वारभर लांबीला तीस पौंडांच्या आसपास वजनाचे, आजच्या भाषेत मीटरला सुमारे १५ किलोचे रूळ. आणि नियम असा की इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भरलेल्या वाघिणीचा प्रत्येक आस इंजिनाच्या आसाइतकाच तोलला पाहिजे. मार्गाने सोसायचे ओझे आधी ठरले आणि गाडी त्याप्रमाणे घडवली गेली.

हे साधायला दोन गोष्टी लागल्या. पहिली, भरपूर आस. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी जी पहिली इंजिने बांधली त्यांना एकमेकांना जोडलेले चार आस होते आणि मागे आणखी दोन. सहा आसांवर पाच-पाच टन, म्हणजे तीस टनांच्या आतबाहेरचे इंजिन त्या काडीसारख्या रुळांवर उभे राहू शकत होते. दुसरी गोष्ट म्हणजे बोगी. लांब वाघिणीच्या खाली दोन फिरते गाडे, प्रत्येक गाड्याला दोन आस. डब्याची चौकट ओतीव किंवा जाडजूड न ठेवता दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची, म्हणजे डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि आत मावणाऱ्या मालाचे जास्त. हे सामान लीड्स फोर्ज कंपनीने केले. बार्शीला पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून त्यावर ते चालवून पाहिले गेले, जाणकारांना दाखवले गेले. लष्करालाही त्यात रस होता, कारण युद्धभूमीवर घाईने टाकायचे रूळ हलकेच असतात.

कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये दुसऱ्या अंगाने पंढरपूर जोडले गेले. पूर्वेकडे तडवळ्यावरून १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. १९२७ मध्ये पंढरपूर-मिरज पूर्ण झाले आणि सव्वातीनशे किलोमीटरची ही रेल्वे मराठवाडा, सोलापूर आणि दक्षिण महाराष्ट्र यांना जोडणारा एक तिरपा धागा बनली. त्याच १९२७ सालात कॅलथ्रॉप वारला. (वाइल्डकॅटचे सालही तेच, पण योगायोगांतून अर्थ काढण्याचा मोह आम्ही टाळतो.)

या माणसाचे चरित्र मराठीत कुणीतरी लिहायला हवे. बार्शीत जमलेले तंत्र त्याने इंग्लंडात परत नेले. स्टॅफर्डशायरमध्ये १९०४ साली उघडलेली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे त्याच्याच देखरेखीखाली झाली, तिच्या एका इंजिनाला त्याचे नाव होते, आणि त्या इंजिनांच्या कपाळी हिंदुस्थानी धाटणीचे भले मोठे दिवे होते. वसाहतीत आधी प्रयोग आणि मायदेशी नंतर वापर, हा क्रम विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसतो. आमच्या वर्गात वसाहतवादाची चर्चा होते तेव्हा विद्यार्थ्यांना हे उदाहरण त्यांच्या गावाजवळचे म्हणून सांगता येते. पुढे त्याने अरबी घोड्यांची पैदास केली, घोड्यावर पुस्तक लिहिले, आणि विमानातून उडी घेण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार करण्यात आपला पैसा घालवला. भार हळुवारपणे जमिनीला कसा टेकवावा, या एकाच विचाराने त्याला आयुष्यभर झपाटले होते असे म्हटले तर ते अलंकारिक होईल, पण खोटे होणार नाही.

लोकांनी या रेल्वेला 'बार्शी लाईट' म्हटले. कंपनीच्या नावातला 'लाइट' म्हणजे हलकी, हे किती जणांना ठाऊक होते कुणास ठाऊक. जुन्या पिढीच्या बोलण्यात ती संथपणाची उपमा होऊन बसली. चालत्या गाडीतून उतरावे, ओढ्याकाठी तोंड धुवावे आणि पळत जाऊन पुन्हा चढावे, हा किस्सा तिच्याबद्दल सांगतात तसा प्रत्येक अरुंद मापाच्या रेल्वेबद्दल सांगितला जातो. या किश्शांवर आमचे प्रेम आहे, पण इतिहास म्हणून ते अपुरे आहेत. गाडी आळशी नव्हती, रूळ हलके होते. त्या हलक्या रुळांमुळेच तर १९११ मध्ये ती लातूरला येऊ शकली. नाहीतर निजामी राज्याच्या कडेवरच्या, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या या पेठेसाठी मोठ्या मापाचा मार्ग त्या काळी कोणी टाकला असता, असे मानायला आधार नाही. नांदेडची स्थिती वेगळी होती. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभीच मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग आला. तो निजामाच्या राज्याचा कणा होता, त्यामागे संस्थानाची हमी होती. लातूरची रेल्वे मात्र व्यापाऱ्यांच्या कापसावर आणि एका अभियंत्याच्या त्रैराशिकावर उभी होती.

पण त्या त्रैराशिकाला एक मर्यादा होती आणि तिच्याकडे डोळेझाक करून हळहळ व्यक्त करणारे लेख आम्हांला पटत नाहीत. हलक्या मार्गावरची समतोल गाडी ही एका ठरावीक ओझ्यापुरती उत्तम असते. कोस्टरवर यंदा जेवढी माणसे बसतात तेवढीच पुढल्या पिढीत बसणार. गाडीला बाक तेवढेच, उतार तोच, फेरी तीच. तिथे गाडी अधिक लवचिक केली की सांगाडा वाचतो आणि प्रश्न मिटतो. रेल्वेच्या काठावरचा प्रदेश मात्र वाढत असतो. लातूरची बाजारपेठ वाढली, तूर आणि तेलबियांचा व्यापार वाढला, १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, मोंढ्यापाठोपाठ शिकवणीवर्गांचीही पेठ झाली. आसावर पाच टन ही मर्यादा तशीच राहिली. शिवाय कुर्डुवाडीला मापे बदलत. लातूरहून निघालेले प्रत्येक पोते तिथे अरुंद मापाच्या वाघिणीतून हमालाच्या पाठीवर आणि तिथून मोठ्या मापाच्या वाघिणीत चढे. वेळ जाई, हमाली लागे, माल सांडे. डबे कितीही सुधारले असते तरी हे चुकणारे नव्हते. ट्रक आले तेव्हा व्यापाऱ्यांनी रेल्वेकडे पाठ फिरवली यात नवल काही नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे हा या कथेतला सर्वांत खेदजनक भाग आहे, आणि तो कुणा परकीय कंपनीच्या माथी मारता येत नाही. धड गाडी सुधारायची नाही, धड मार्ग बदलायचा नाही, अशा अवस्थेत मराठवाड्यातल्या एका वाढत्या शहराला ठेवले गेले. मार्गबदल अखेर तुकड्यातुकड्यांनी झाला. या शतकाच्या अगदी आरंभी कुर्डुवाडी-पंढरपूर, सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते तेव्हाचे उस्मानाबाद, ऑक्टोबर २००८ मध्ये तिथून कुर्डुवाडी, आणि सर्वांत शेवटी पंढरपूर-मिरज. नव्या मार्गाने येडशीवरून जाणारी जुनी वाट जशीच्या तशी ठेवली नाही. आज धाराशिव म्हणवले जाणारे जिल्ह्याचे ठिकाण तिने जोडून घेतले. जुने रूळ उचलले गेले.

हे योग्य झाले का, याचे उत्तर एप्रिल २०१६ मध्ये मिळाले. सलग दुष्काळाने मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहराचे नळ महिनोन् महिने सुकले, पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचे ठरले. राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन साफ केल्या गेल्या. १२ एप्रिलच्या पहाटे पहिल्या दहा वाघिणी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचल्या. काही दिवसांतच पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ती आली कुठून? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे अथपासून इतिपर्यंत बार्शी लाईटचीच वाट.

इथे क्षणभर आकडेमोड करावी. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. वाघिणीचे स्वतःचे वजन धरून चार आसांवर वाटले तर प्रत्येक आसावर अठरा-वीस टन येतात. कॅलथ्रॉपच्या हिशेबाने भरलेली वाघीण चारही आसांवर मिळून वीस टनांची. जुन्या वाघिणीचे सगळे वजन, डबा आणि माल धरून, या नव्या वाघिणीच्या एका आसावर आले होते. पन्नास टाक्यांची गाडी जुन्या रुळांवर उभीसुद्धा करता आली नसती. त्या उन्हाळ्यात लातूरच्या रस्त्यांवर घागरी घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर अरुंद मापाच्या रेल्वेच्या आठवणींचा हळवा लेख वाचून दाखवण्याचे धैर्य आमच्यात नाही.

तरीही गाडी बदलून मार्ग वाचवण्याची वाट आपल्याकडे अगदी कुणी चोखाळलीच नाही, असे नाही. तिच्यासाठी नेरळला जावे लागते. तिथून माथेरानला जाणारी वीसेक किलोमीटरची दोन फुटी रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने १९०७ मध्ये सुरू झाली. चढ काही ठिकाणी विसास एक असा, वळणे अशी की इंजिनाला आपलीच शेपटी दिसावी. घट्ट आसांचे इंजिन तिथे अडकून पडले असते. म्हणून ओरेन्स्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीने जी चार इंजिने पुरवली त्यांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकू शकतील असे केलेले होते. खटपट तीच, रुळाशी न भांडणाऱ्या चाकांची.

माथेरानचे ओझे वाढणारे नाही. मावतील तेवढी माणसे आणि त्यांच्या पिशव्या. या अर्थाने ती रेल्वे लातूरपेक्षा वाइल्डकॅटची जवळची नातलग आहे. तिचे साम्य एका गोष्टीत तर थक्क करणारे आहे. मेलबर्नच्या लूना पार्कमधला सीनिक रेल्वे हा लाकडी कोस्टर १९१२ सालचा. त्याच्या गाडीत मधोमध एक माणूस उभा राहतो आणि हाताने ब्रेक ओढत वेग आवरतो. माथेरानच्या गाडीतही डब्याडब्यांवर ब्रेक आवळणारे कामगार असत. चालकाने शिटी दिली की ते हाताने ब्रेक लावत, पुन्हा शिटी दिली की सोडत. उतारावर गाडीचा जीव त्यांच्या मनगटात आणि कानात असे. मे २०१६ मध्ये, म्हणजे लातूरला पाण्याची गाडी येत होती त्याच दिवसांत, माथेरानचे डबे आठवडाभरात दोनदा घसरले आणि गाडी बंद करण्यात आली. पुन्हा सुरू करताना मार्गाचे माप बदलले नाही, वळणे सरळ केली नाहीत. कड्याच्या बाजूला कठडे घातले आणि गाडीला हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले. ऑक्टोबर २०१७ मध्ये वरचा अमन लॉज ते माथेरान हा तुकडा आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासूनचा मार्ग खुला झाला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा वाहून नेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. शिटी ऐकून ब्रेक आवळणाऱ्या माणसांवर, त्यांच्या शिट्यांच्या भाषेवर मराठीत कुणी काही लिहून ठेवले असेल तर आम्हांला ते वाचायला आवडेल.

लातूरला आता डब्यांचा कारखाना आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथे पहिल्या डब्याचे कवच तयार होऊन बाहेर आले. वृत्तपत्रांनी सवयीप्रमाणे त्याला 'बोगी कारखाना' म्हटले, आणि आमच्या अर्थांतराच्या तासाला एक ताजे उदाहरण मिळाले.

बार्शी लाईटचे डबे आणि इंजिने जिथे दुरुस्त होत तो कुर्डुवाडीचा कारखाना मात्र अरुंद मापाचे रूळ उचलले गेल्यावरही राहिला. तिथे आता माथेरानच्या गाडीची मोठी दुरुस्ती होते. दोन फुटी रूळ कुर्डुवाडीपर्यंत येत नाहीत, तेव्हा हे इवलेसे डबे दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर चढून घाट उतरल्या-चढल्यासारखे तिथे येतात, चाके सोडवून घेतात, आस तपासून घेतात आणि परत जातात. माथेरानच्या त्या पहिल्या चार इंजिनांचा, वळणावर सरकणाऱ्या आसांसह, आराखडाही एव्हरार्ड कॅलथ्रॉपचाच होता.